आरसा घासणारे नगर : स्प्रिंगफील्डच्या हौशी दुर्बीणकारांचे मंडळ आणि खगोलविद्येचा लोकप्रसार

१

विज्ञानाच्या इतिहासात वेधशाळा, विद्यापीठे व त्यांतील नामवंत संशोधक यांना जे स्थान मिळते ते स्थानिक मंडळांच्या वाट्याला सहसा येत नाही. एखाद्या लहान नगरातील वीसपंचवीस माणसांनी आठवड्यातून एकदा जमावे, आकाश पाहावे, चर्चा करावी आणि जमल्यास एखादे व्याख्यान करवावे, एवढ्या मर्यादित उद्योगाची नोंद इतिहासकाराने का घ्यावी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. खगोलविद्येच्या बाबतीत मात्र ही उपेक्षा समर्थनीय नाही. या शास्त्रात व्यावसायिक व हौशी यांच्यातील सीमारेषा इतर शास्त्रांच्या मानाने उशिरा आखली गेली, आणि आखली गेल्यावरही ती कधी पूर्णपणे बंद झाली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत अशा मंडळांची एक लाटच युरोपात आली. लिव्हरपूल येथील मंडळ १८८१ साली निघाले. कामीय फ्लामारियाँ यांनी १८८७ साली फ्रान्सची ज्योतिषसंस्था स्थापिली. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन १८९० साली अस्तित्वात आली. अमेरिकेत १९११ साली रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना सुरू झाली व हार्वर्ड वेधशाळेच्या सहकार्याने तिने निरीक्षणांचा मोठा साठा जमविला. या सर्व संस्थांच्या लोकप्रसाराची रीत थोड्याफार फरकाने एकच होती. जाणत्याने व्याख्यान द्यावे व इतरांनी ऐकावे. ज्याच्याजवळ दुर्बीण असेल त्याने ती रोखावी व इतरांनी रांगेने येऊन पाहावे. निरीक्षकांच्या संघटना याच्या एक पाऊल पुढे गेल्या होत्या. परंतु तेथेही उपकरण विकत घेतलेले किंवा दान मिळालेले असे.

या रीतीत लोक हे मुख्यतः प्रेक्षक असतात. आकाश त्यांना दाखविले जाते. ते पाहण्याचे साधन त्यांच्या हाती येत नाही. हे साधनच सामान्य माणसाच्या हाती द्यावे, किंबहुना ते त्याने स्वतःच्या हातांनी घडवावे, असा वेगळा मार्ग अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील स्प्रिंगफील्ड या नगरातील मंडळाने चोखाळला. या मंडळाची घडण, त्याचे कार्य आणि त्याच्या लोकप्रसाराचे वेगळेपण यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

स्प्रिंगफील्ड हे ब्लॅक नदीच्या काठी वसलेले छोटे नगर. येथील वसतीचा मुख्य आधार शेती अथवा व्यापार नसून यंत्रनिर्मिती हा होता. जोन्स अँड लॅमसन मशीन कंपनी ही विंडसर येथून १८८८ साली येथे आली आणि पुढील वर्षी जेम्स हार्टनेस तिच्या कारभारावर रुजू झाले. लेथ म्हणजे कातकामाचे यंत्र. त्यात अनेक हत्यारे एका फिरत्या बैठकीवर बसवून एकामागून एक कामाला लावण्याच्या पद्धतीत हार्टनेस यांनी मौलिक सुधारणा केली. शंभराहून अधिक एकस्वे त्यांच्या नावावर होती. पुढे १९२१ ते १९२३ या काळात ते व्हरमाँटचे राज्यपालही झाले.

हार्टनेस यांना आकाशनिरीक्षणाचा नाद होता. व्हरमाँटच्या कडाक्याच्या हिवाळ्यात उघड्यावर उभे राहून निरीक्षण करणे कठीण जाते, म्हणून त्यांनी १९१० च्या सुमारास आपल्या घराच्या आवारात एक विलक्षण वेधगृह बांधविले. त्यात १० इंची भिंगाची दुर्बीण बाहेरच्या थंड हवेत फिरत राही आणि निरीक्षक मात्र आत उबेत बसून पाहू शके. या वेधगृहाकडे जाण्यास घरातून भुयारी वाट होती. लेथवरील फिरती बैठक व वेधगृहाचा फिरता घुमट यांच्यामागे एकच यांत्रिक बुद्धी काम करीत होती, हे सहज लक्षात येण्याजोगे आहे.

या कथेतील दुसरी प्रमुख व्यक्ती म्हणजे रसेल पोर्टर. त्यांचा जन्म स्प्रिंगफील्ड येथेच १८७१ साली झाला. मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षणसंस्थेत त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. परंतु उमेदीची अनेक वर्षे त्यांनी उत्तर ध्रुवप्रदेशातील मोहिमांत चित्रकार, सर्वेक्षक व वेधकार म्हणून घालविली. १९०३ ते १९०५ या काळात झिग्लर मोहिमेबरोबर ते ध्रुवप्रदेशात अडकून पडले होते. जेथे ताऱ्यांच्या वेधाखेरीज आपले स्थान जाणण्याचा दुसरा मार्ग नाही, तेथे खगोलविद्या ही मौजेची वस्तू राहत नाही. या मोहिमांनंतर मेन राज्याच्या किनाऱ्यावर राहत असताना पोर्टर यांनी स्वतः आरसे घासून दुर्बिणी तयार केल्या. १९१९ साली ते हार्टनेस यांच्या कारखान्यात काम करण्यासाठी जन्मगावी परतले. स्क्रूच्या आट्यांची सावली अनेकपट मोठी करून पडद्यावर पाडावयाची व त्यावरून आट्यांतील दोष ताडावयाचा, असे एक प्रकाशीय मापनयंत्र या दोघांच्या सहकार्यातून सिद्ध झाले.

३

१९२० साली पोर्टर यांनी कारखान्यातील इच्छुकांसाठी आरसा घासण्याचा एक वर्ग सुरू केला. पंधरासोळा जण त्यात सामील झाले. त्यांत एक स्त्रीही होती. बहुतेक जण हत्यारे घडविणारे कारागीर होते. खगोलविद्येचे शिक्षण त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाच नव्हते.

या वर्गात काय शिकविले गेले हे समजल्याखेरीज पुढील इतिहासाचा अर्थ लागणार नाही, म्हणून त्या प्रक्रियेचा थोडा तपशील येथे देणे अवश्य आहे. सारख्या आकाराच्या दोन काचेच्या जाड चकत्या घ्यावयाच्या. एक पिंपावर अथवा खांबावर घट्ट बसवावयाची, तिच्यावर कार्बोरंडमची पूड व पाणी टाकावयाचे आणि दुसरी चकती तिच्यावर मागेपुढे घासावयाची. घासणारा माणूस पिंपाभोवती हळूहळू फिरत राहतो व हातातील चकतीही थोडीथोडी फिरवितो. वरची चकती मध्यभागी झिजून अंतर्गोल होते, खालची कडेला झिजून बहिर्गोल होते. कोणत्याही दिशेने सरकविले तरी एकमेकांना सर्वत्र चिकटून राहतील असे पृष्ठभाग केवळ गोलाचेच असू शकतात. म्हणून नुसत्या घासण्यातून, कोणत्याही मौल्यवान यंत्रावाचून, जवळजवळ निर्दोष गोलाकार आपोआप सिद्ध होतो. त्यानंतर अधिकाधिक बारीक पूड वापरीत जावयाचे आणि शेवटी डांबरी राळेच्या थरावर लोहभस्माने झिलई द्यावयाची.

खरी कसोटी त्यापुढे असते. दूरच्या ताऱ्याचे किरण एका बिंदूत आणावयाचे तर पृष्ठभाग गोलाचा नव्हे, अन्वस्ताचा हवा. ६ इंची व्यासाच्या आणि ४८ इंची नाभ्यंतराच्या आरशात या दोन आकारांतील अंतर एक इंचाच्या काही दशलक्षांशांहून जास्त नसते. कारखान्यातील मापनाची धाव इंचाच्या दशसहस्रांशापर्यंत. त्यापलीकडचे हे अंतर एक मिणमिणता दिवा व एक पाते यांच्या साहाय्याने डोळ्यांना दिसते. फ्रेंच शास्त्रज्ञ लेआँ फूको यांनी १८५८ च्या सुमारास ही परीक्षा शोधून काढली. आरशावरून परतलेल्या किरणांच्या संगमस्थानी पाते आडवे सरकवीत नेले असता आरशाच्या पृष्ठावर सावल्यांचा उठाव दिसू लागतो, आणि त्या उठावावरून कोठे किती झिजवावयाचे हे कारागीर ठरवितो. शेवटी आरशावर चांदीचा मुलामा चढवितात. काचेवर रासायनिक रीतीने चांदी चढविण्याची कृती लीबिग यांच्या संशोधनातून आलेली होती. मुलाम्यासाठी चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा वापर १९३० नंतरच्या दशकात रूढ झाला.

स्प्रिंगफील्डच्या कारागिरांनी हे काम का पत्करले, याचे उत्तर या प्रक्रियेतच सापडते. जे लोक दिवसभर अचूकतेवर पोट भरीत होते त्यांना आपल्या कारखान्याच्या उत्तम मापकाच्याही पलीकडची अचूकता संध्याकाळी आपल्या बोटांनी गाठता येते, हा अनुभव मिळाला. दिवसाचे काम मालकासाठी होते, रात्रीचे स्वतःसाठी. दोहोंसाठी लागणारे कौशल्य मात्र एकाच जातीचे होते.

तथापि हा मार्ग पोर्टर यांनीच प्रथम शोधला, असा जो समज लोकप्रिय लेखनात आढळतो तो बरोबर नाही. चांदीच्या मुलाम्याच्या आरशाची दुर्बीण कशी करावी याचे विवेचन अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी १८६४ सालीच प्रसिद्ध केले होते. पिट्सबर्गचे जॉन ब्रॅशियर हे मूळचे गिरणीतील यंत्रकामगार. रात्री घरी भिंगे घासता घासता ते जगप्रसिद्ध उपकरणकार झाले. आयर्लंडमधील धर्मोपदेशक विल्यम एलिसन यांचे हौशी दुर्बीणकारांसाठी लिहिलेले पुस्तक १९२० साली, म्हणजे स्प्रिंगफील्डचा वर्ग सुरू झाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. पोर्टर यांचे वैशिष्ट्य शोधात नव्हे. एकट्याच्या छंदाला त्यांनी सामूहिक अध्ययनाचे रूप दिले, यात आहे.

४

वर्गातून मंडळ झाले. ७ डिसेंबर १९२३ रोजी ‘स्प्रिंगफील्ड टेलिस्कोप मेकर्स’ या नावाने ते रीतसर स्थापन झाले आणि पोर्टर अध्यक्ष झाले. नगराबाहेर ब्रीझी हिल नावाच्या टेकडीवर सभासदांनी आपल्या हातांनी एक घर उभारले. १९२४ साली ते वापरात आले. घराचा रंग गुलाबी आहे व दर्शनी त्रिकोणी भिंतीवर बायबलातील एका स्तोत्राचे आकाशविषयक वचन कोरलेले आहे. घराशेजारी १९३० साली पोर्टर यांच्या योजनेनुसार एक फिरते वेधगृह पुरे झाले. हार्टनेस यांच्या वेधगृहाप्रमाणे येथेही निरीक्षक आत बसतो. फरक एवढाच की येथील दुर्बीण आरशाची आहे.

मंडळाच्या घटनेतील एक अट फार अर्थपूर्ण आहे. पूर्ण सभासद व्हावयाचे असेल तर उमेदवाराने आरसा स्वतः केलेला असला पाहिजे. वर्गणी, शिक्षण, सामाजिक प्रतिष्ठा यांतील काहीही या अटीला पर्याय होऊ शकत नसे. विद्वत्सभांत प्रवेश मिळविण्यासाठी पदवी अथवा प्रकाशित लेखन लागते. येथे हाताचे काम लागत असे. ही अट एका अर्थाने समतेची होती, कारण कारखान्याचा मालक व कामगार दोघांनाही ती सारखीच लागू होती. दुसऱ्या अर्थाने ती वेगळेपणाचीही होती. ज्याला नुसते आकाश पाहावयाचे आहे, ज्याच्या हातांत घासकामाची ताकद किंवा घरात जागा नाही, त्याला या दाराबाहेरच राहावे लागे. लोकप्रसाराचे ध्येय व सभासदत्वाची ही अट यांतील ताण मंडळाच्या पुढील इतिहासात सतत जाणवतो.

टेकडीवरील घराला ‘स्टेलाफेन’ हे नाव मिळाले. ‘स्टेलर फेन’ म्हणजे ताऱ्यांचे देऊळ, या दोन शब्दांचा तो संकोच होय. यातील ‘फेन’ हा शब्द लॅटिन ‘फानुम्’ म्हणजे देवालय यावरून आलेला आहे. याच धातुकुळातील ‘प्रोफेन’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘देवळाबाहेरचा’ असा आहे. ज्या लोकांना विद्येच्या देवळाबाहेर उभे राहण्याची सवय होती त्यांनी स्वतःचेच देऊळ बांधले आणि त्यात जाण्यासाठी स्वतःचीच दीक्षा ठरविली, असे या नावावरून म्हणता येईल.

५

मंडळ एवढ्यावरच थांबले असते तर त्याचा इतिहास स्थानिकच राहिला असता. त्याला व्यापक रूप मुद्रणाने दिले. पोर्टर यांनी १९२१ पासून ‘पॉप्युलर ॲस्ट्रॉनॉमी’ या नियतकालिकात स्प्रिंगफील्डच्या प्रयोगाविषयी लिहिले होते. हे लेखन ‘सायंटिफिक अमेरिकन’चे एक संपादक अल्बर्ट इंगॉल्स यांच्या वाचनात आले. १९२५ च्या उन्हाळ्यात ते स्वतः स्प्रिंगफील्डला गेले आणि नोव्हेंबर १९२५ च्या अंकात त्यांनी या मंडळावर लेख लिहिला. वाचकांची शेकडो पत्रे आली. त्या पत्रांचा मथितार्थ एकच होता : हे कसे करावे ते सांगा.

पुढील वर्षी पोर्टर यांचे कृतिपर लेख मासिकात आले आणि १९२६ सालीच ‘ॲमेच्युअर टेलिस्कोप मेकिंग’ हा ग्रंथ निघाला. त्यात एलिसन यांच्या लेखनाचाही समावेश होता. या ग्रंथाचा दुसरा भाग १९३७ साली व तिसरा १९५३ साली प्रसिद्ध झाला. इंगॉल्स यांनी १९२८ पासून मासिकात एक नियमित सदर चालविले व १९५५ पर्यंत ते त्यांच्या हाती राहिले. एका माणसाने केलेला प्रयोग, त्यात आलेले अपयश आणि त्यावर दुसऱ्याने सुचविलेला उपाय, हे सर्व त्या सदरातून वाचकांपर्यंत जाई. परस्परांना कधीही न भेटलेल्या माणसांची एक कार्यशाळाच त्यातून उभी राहिली.

याच सुमारास, जुलै १९२६ मध्ये, टेकडीवर पहिले संमेलन भरले. वीसएक दुर्बीणकार आपापल्या दुर्बिणी घेऊन आले. दिवसा दुर्बिणींची तपासणी व चर्चा, रात्री प्रत्यक्ष निरीक्षण, असा कार्यक्रम होता. पुढे या संमेलनाला देशभरातून माणसे येऊ लागली. अधूनमधून खंड पडला तरी ते चालत राहिले आणि आजही उन्हाळ्यात अमावास्येच्या आसपास शेकडो लोक तेथे जमतात. आपल्याकडील जत्रेविषयी ‘हौशे, नवशे आणि गवशे’ असे म्हटले जाते. स्टेलाफेनच्या मेळाव्यात नवशे व गवशे यांना वाव थोडा. तेथे आलेल्या हौशाला मात्र आपल्या हौसेचे फळ सोबत आणून जाणकारांपुढे ठेवावे लागत असे.

मंदीच्या काळात या चळवळीला विशेष जोर चढला. दुकानातील दुर्बीण मध्यमवर्गीयालाही परवडत नव्हती. काच, पूड व राळ यांचा खर्च त्यामानाने फार थोडा होता, आणि बेकारीमुळे हातांना वेळ होता. पिट्सबर्ग येथे १९२९ साली लिओ स्कॅनलन व त्यांचे मित्र चेस्टर रो यांनी हौशी खगोलप्रेमींची संघटना काढली. स्कॅनलन हे व्यवसायाने नळकारागीर होते. कॅन्ससमधील एका शेतकऱ्याचा मुलगा, क्लाइड टॉम्बो, याने घरी केलेल्या दुर्बिणीतून काढलेली ग्रहांची चित्रे लॉवेल वेधशाळेकडे पाठविली, तेथे त्याला नोकरी मिळाली आणि १९३० च्या फेब्रुवारीत त्याने प्लूटोचा शोध लावला. तेव्हा नववा ग्रह म्हणून गणलेला प्लूटो २००६ पासून बटुग्रहांत मोडतो. परंतु शेतावरून वेधशाळेपर्यंतचा तो प्रवास त्यामुळे लहान ठरत नाही.

६

या चळवळीचा भाषेशी असलेला संबंध विशेष विचारार्ह आहे. विद्यापीठीय प्रकाशशास्त्राची परिभाषा गणिताच्या आश्रयाने वाढलेली. आरशाच्या पृष्ठातील दोष तेथे समीकरणांनी व्यक्त होतात. हौशी दुर्बीणकारांना हे दोष सावल्यांच्या रूपाने दिसत. त्यांची नावेही त्यांनी दिसण्यावरूनच ठेविली. पृष्ठ बारीक खडबडीत दिसले तर ‘लिंबाची साल’. त्याहून ओबडधोबड दिसले तर ‘कुत्र्याचे बिस्किट’. कड खाली वळलेली असेल तर ‘पडलेली कड’. अन्वस्ताकार साधला म्हणजे जी फुगीर कड्याची सावली दिसते तिला एका गोल, मधे भोक असलेल्या पक्वान्नाचे नाव मिळाले. ही परिभाषा स्वयंपाकघरातील व कारखान्यातील आहे. तिला शास्त्रीय शुद्धता नसेल. परंतु अंधाऱ्या तळघरात एकटा बसलेला माणूस पुस्तकातील वर्णन व डोळ्यांपुढील सावली यांचा मेळ तिच्या आधारे घालू शकतो. हाताचे ज्ञान शब्दांत उतरविणे अवघड असते, असे नेहमी म्हटले जाते. ते उतरविण्यासाठी कोणत्या प्रकारचे शब्द लागतात, याचे हे एक उत्तम उदाहरण होय.

‘ॲमेच्युअर’ या शब्दाच्या अर्थातही या काळात ओढाताण दिसते. लॅटिनमधील ‘प्रेम करणे’ या अर्थाच्या धातूपासून फ्रेंचद्वारा आलेल्या या शब्दाला इंग्रजीत हळूहळू ‘कच्चा’, ‘नवशिका’ अशी हीनतेची छटा प्राप्त झाली होती. मराठीतील ‘हौशी’ या शब्दाचीही गत फारशी निराळी नाही. मूळ अरबी ‘हवस’ म्हणजे तीव्र इच्छा. त्यापासून आलेल्या ‘हौस’ या शब्दात आज उत्कटतेपेक्षा करमणुकीचा भाव अधिक. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या ‘ज्योतिर्विलास’ या ग्रंथाला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे पर्यायी नाव दिले होते, हे येथे आठवते. इंगॉल्स यांच्या सदरात दुर्बीणकारांना विनोदाने ‘दुर्बीणवेडे’ अशा अर्थाचे नाव होते. मौज व वेड या दोन टोकांच्या मध्ये इंचाच्या दशलक्षांशाची शिस्त उभी होती, ही गोष्ट या नावांमुळे झाकली जाते.

७

या चळवळीने खगोलविद्येला काय दिले? नव्या शोधांच्या यादीत उत्तर शोधले तर ते निराशाजनक वाटेल. स्प्रिंगफील्डच्या मंडळाची कीर्ती एखाद्या नव्या धूमकेतूवर अथवा ताऱ्यावर उभी नाही. अनेक सभासदांच्या बाबतीत तर दुर्बीण पुरी होताच दुसरी दुर्बीण करावयास घेतली जाई. आकाश हे आरशाच्या परीक्षेचे साधन होऊन बसे. दुर्बीणकार व निरीक्षक हे दोन वेगळे पिंड आहेत, अशी टीका त्यामुळे झाली, आणि ती निराधार म्हणता येत नाही.

परंतु दुसऱ्या दोन ठिकाणी या कौशल्याचा प्रत्यय आला. कॅलिफोर्नियात २०० इंची दुर्बिणीची योजना जॉर्ज एलरी हेल यांनी हाती घेतली तेव्हा त्यांनी पोर्टर यांना बोलावून घेतले. १९२८ च्या अखेरीस पोर्टर तेथे गेले. यंत्र प्रत्यक्षात येण्यापूर्वीच त्याचे अंतरंग कागदावर उभे करणारी त्यांची छेदचित्रे आजही अभ्यासक प्रमाण मानतात. १९४८ च्या जूनमध्ये पॅलोमार येथे या दुर्बिणीचे समर्पण झाले. त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, पोर्टर निवर्तले. दुसरा प्रत्यय युद्धकाळातील. सैन्याच्या दुर्बिणींसाठी छपराच्या आकाराचे लोलक हवे होते. त्यांच्या दोन पृष्ठांमधील काटकोनात काही विकलांची चूकही चालत नसे आणि ते घडवू शकणारे कारागीर देशात फार थोडे होते. इंगॉल्स व पोर्टर यांनी हौशी दुर्बीणकारांना हाक दिली. फिलाडेल्फिया येथील फ्रँकफर्ड शस्त्रागाराच्या देखरेखीखाली या लोकांनी घरच्या तळघरांतून हजारो लोलक तयार करून दिले. छंदातून जमा झालेले कौशल्य राष्ट्राच्या उपयोगी पडले, ही अभिमानाची बाब म्हणून सांगितली जाते. त्याच वेळी हेही ध्यानात ठेवले पाहिजे की आकाश पाहण्यासाठी शिकलेली विद्या येथे नेम धरण्यासाठी वापरली गेली.

या प्रयोगाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. स्प्रिंगफील्डमध्ये तो यशस्वी झाला याला कारणे होती : अचूक कामाची सवय असलेला कामगारवर्ग, त्या कामात रस असलेला कारखानदार, शिकविण्याची व चित्रे काढण्याची हातोटी असलेला पोर्टर यांच्यासारखा माणूस, आणि त्याचे म्हणणे देशभर नेणारे मासिक. यांपैकी एखादे कारण वगळले तर परिणाम तसाच झाला असता असे म्हणवत नाही. पोर्टर यांनी बागेत ठेवण्याजोगी ब्राँझची एक सुंदर दुर्बीण योजिली होती आणि कारखान्याने ती विक्रीस काढली होती. ती फार थोड्या लोकांनी घेतली. जो माणूस विकण्यात अयशस्वी ठरला तोच शिकविण्यात यशस्वी झाला, ही गोष्ट लोकप्रसाराच्या अभ्यासकाने विसरू नये.

८

दुर्बीण घडविल्याशिवाय प्रवेश नाही, या स्टेलाफेनच्या भूमिकेला पूरक अशी दुसरी भूमिका पुढे सॅन फ्रान्सिस्कोत उदयास आली. जॉन डॉब्सन हे १९४४ साली तेथील वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण संघाच्या मठात, दाखल झाले. जहाजाच्या खिडकीच्या टाकाऊ काचेतून त्यांनी १९५६ साली १२ इंची आरसा केला. १९६७ मध्ये मठ सोडावा लागल्यावर १९६८ साली त्यांनी व त्यांच्या तरुण साथीदारांनी पदपथावर दुर्बिणी मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखविण्यास प्रारंभ केला. त्यांची लाकडी, साधी, स्वस्त बैठक आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. स्टेलाफेनने लोकांना टेकडीवर बोलाविले. डॉब्सन टेकडी सोडून रस्त्यावर आले. पण दुर्बीण सामान्याने स्वतः करावी हा पोर्टर यांचा विचार दोहोंच्या मुळाशी आहे.

भारतातील एका उदाहरणाशी तुलना केली असता या विचाराची दुसरी बाजू दिसते. जेसोर येथील सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी हॅलेच्या धूमकेतूनंतर, १९१२ साली, ३ इंची दुर्बीण विकत घेतली आणि रूपविकारी ताऱ्यांची हजारो निरीक्षणे अमेरिकेतील संघटनेकडे पाठविली. १९२६ साली त्या संघटनेने त्यांना एक ६ इंची दुर्बीण पाठवून दिली. म्हणजे ज्या वर्षी स्प्रिंगफील्डच्या टेकडीवर पहिले संमेलन भरले त्याच वर्षी अमेरिकेतील एक दुर्बीण बंगालमधील एका लहान गावी पोहोचली. राधागोविंदांनी आरसा घासला नाही. तरीही त्यांचे काम शास्त्राच्या नोंदीत कायमचे राहिले. हौशी विज्ञान उपकरण करण्यातच आहे, असा एकांगी निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही. पण दुर्बीण दूरदेशातून कोणी पाठविली तरच निरीक्षण शक्य व्हावे, या अवलंबित्वाचीही जाणीव हेच उदाहरण करून देते.

पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि त्यानंतर महाराष्ट्रात निघालेली अनेक मंडळे यांच्या कार्याचा इतिहास लिहिताना हे दोन्ही निकष हाताशी असणे उपयुक्त ठरेल. किती लोकांना आकाश दाखविले, हा पहिला व सोपा प्रश्न. त्यांपैकी किती जणांच्या हाती काही साधन अथवा कौशल्य उरले, हा दुसरा व अवघड. मंडळांची इतिवृत्ते पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देतात. दुसऱ्याचे उत्तर बहुधा अडगळीच्या खोल्यांत, घासलेल्या काचांत व जीर्ण वह्यांत शोधावे लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार दुर्बिणी स्वस्त झाल्या व घरी आरसा घासण्याची आर्थिक निकड उरली नाही. शतकाच्या अखेरीस स्प्रिंगफील्डचा यंत्रनिर्मितीचा उद्योगही ओसरला. ज्या कारखान्याने मंडळाला जन्म दिला त्याचे यंत्रघर थंड झाले. टेकडीवरील गुलाबी घराला मात्र १९८९ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि आरसा घासण्याचे वर्ग व प्रात्यक्षिके त्या मंडळाने पुढेही चालू ठेवली. निकडीपोटी सुरू झालेली गोष्ट निकड संपल्यावरही टिकून राहते तेव्हा तिच्यात उपयुक्ततेखेरीज दुसरे काही तरी मूल्य असले पाहिजे. स्वतः केलेल्या साधनातून शनीची कडी पाहणारा माणूस त्या कड्यांविषयी पुस्तकातल्याहून अधिक काही जाणतो असे नाही. पण आपण जे पाहतो ते का विश्वसनीय आहे हे त्याला ठाऊक असते, कारण त्या दर्शनातील प्रत्येक चूक त्याने एकदा आपल्या हातांनी दुरुस्त केलेली असते. विज्ञानाचा प्रसार म्हणजे निष्कर्षांचा प्रसार, ही समजूत अद्याप प्रबळ असताना स्प्रिंगफील्डच्या दुर्बीणकारांनी निष्कर्षांच्या कसोटीचा प्रसार केला, हे त्यांचे खरे कार्य मानावे लागेल.